चार मिलिमीटरचा तुकडा

रिपोर्ट अवघा चार ओळींचा होता. दवाखान्याच्या बाकावर बसून बाईंनी तो तीनदा वाचला, पदराने चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचला. इंग्रजीतल्या त्या ओळींचा मथितार्थ एवढाच होता, की कातडीच्या तुकड्यात दिसलेले बदल 'लायकेन प्लॅनस' या आजाराशी सुसंगत आहेत. मात्र काही लक्षणे नेहमीची नाहीत, तेव्हा रोग्याच्या तपासणीशी पडताळून पाहावे.

चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईंना 'सुसंगत' हे उत्तर वाटेना. एखाद्या मुलीने पेपरात 'उत्तर बाराच्या आसपास' असे लिहिले असते, तर बाईंनी लाल शाईने तिथे भोपळा काढला असता.

गोष्ट इंदूरची, २०१७ च्या पावसाळ्यातली. रामबागेतले जुने मराठी घर, खाली ओटा, वर दोन खोल्या. घरात बाई, बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि आठ महिन्यांची नात. शाळेतल्या निम्म्या मुली त्यांना 'मॅडम' म्हणत, पण मराठी घरांतल्या मुलींसाठी त्या 'बाई'च होत्या आणि हळूहळू गल्लीनेही तेच नाव उचलले होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि बाईंच्या हातांवर खाज सुटू लागली. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला मसुराच्या डाळीएवढे चार-दोन उंचवटे आले. चपटे, चकचकीत, रंगाने जांभळट. मग कोपरापर्यंतचे हात, गळ्याखाली पदर न पोहोचणारा तिकोनी भाग आणि पायांच्या नडग्या. दिवसा फळ्यासमोर उभे असताना खाज कशीबशी विसरता येई. रात्री मात्र बाई अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात जात आणि माठाचे गार पाणी हातांवर ओतत बसत.

घरोघरी होते तेच इथेही झाले. हे गजकर्ण असणार असे बाईंनी स्वतःच ठरवले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विचारपूस न करता एक ट्यूब काढून दिली. तीन दिवसांत आराम पडला, महिन्याभरात दुप्पट पुरळ उठले. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जोरकस स्टेरॉइडही होते, हे बाईंना खूप नंतर समजले. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला म्हणून ट्यूब मिळेनाशी झाली असे मात्र कुणी समजू नये.

खाज सहन होते. घरातल्या हालचाली सहन होत नाहीत. एके दिवशी बाईंच्या लक्षात आले, की न्हाणीघरातला आपला टॉवेल वेगळ्या खुंटीवर गेला आहे. आठवड्याने पाण्याचा पेला वेगळा झाला. नात मांडीवर येऊन जरा रमली, की सून आतून येई आणि म्हणे, "द्या, आई, तुम्ही दमला असाल." शब्दांत काही वावगे नव्हते. सून शिकलेली, समंजस. पहिलटकरीण आणि लेकराच्या बाबतीत धास्तावलेली. बाईंनी तिच्या जागी काय केले असते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून पाहिला आणि उत्तर न देता सोडून दिला.

ऑगस्टअखेरीस गौरी आल्या. हळदीकुंकवाला शेजारच्या काकू आल्या. इतकी वर्षे कपाळाला बोट टेकवून कुंकू लावणाऱ्या काकूंनी त्या दिवशी करंडा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्हीच लावून घ्या हो." जाताना सुनेला बाजूला घेऊन त्या काही कुजबुजल्या. बाईंना त्यातला एकच शब्द ऐकू आला. तो शब्द महारोग होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेतून अर्धी रजा काढली आणि एकट्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या.

डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत तो शब्द निकालात काढला. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरची संवेदना बहुधा कमी होते. तिथे टोचलेले कळत नाही आणि असे खाजतही नाही. बाईंचे चट्टे रात्रीची झोप उडवत होते. हा लायकेन प्लॅनस दिसतो, डॉक्टर म्हणाले. संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, टॉवेलने, पेल्याने कुणाला होत नाही. शरीराच्या रक्षक पेशी, लिम्फोसाइट्स, स्वतःच्याच कातडीच्या तळच्या थरावर चाल करून जातात आणि त्यातून हे उंचवटे तयार होतात.

आजार जुना आहे आणि त्वचेच्या दवाखान्यांत नेहमी दिसणारा आहे. १८६९ मध्ये लंडनच्या इरॅस्मस विल्सन यांनी त्याचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. (इजिप्तमधला 'क्लिओपात्राज नीडल' हा प्रचंड पाषाणस्तंभ लंडनला आणण्याचा खर्च ज्यांनी पदरचा केला, ते हेच गृहस्थ. त्वचारोगाच्या प्रॅक्टिसमध्ये तेव्हाही बरकत होती म्हणायची!) पुढे १८९५ मध्ये पॅरिसच्या लुई विकहॅम यांनी त्या उंचवट्यांवर दिसणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषांची नोंद केली. आजही डॉक्टर चट्ट्यावर तेलाचा थेंब टाकून भिंगातून त्या रेषा शोधतात.

बाईंच्या हातावर त्या रेषा सापडल्या नाहीत. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावले. या आजारात पुष्कळदा गालांच्या आतून पांढरी जाळी दिसते. बाईंचे तोंड अगदी स्वच्छ होते. नखेही ठीक. आणि पुरळ जास्त कुठे, तर उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडले आणि विचारले, "कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"प्रेशर, शुगर, सांधेदुखी?"

"काही नाही."

हे खरे नव्हते.

आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, शाळेत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले होते. तिथे बाईंचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्या मुकाट्याने एका फिजिशियनकडे गेल्या आणि गोळी सुरू केली. घरी सांगितले नाही. बाईंचे थोरले भाऊ साठीत रक्तदाबाच्या झटक्याने गेले होते. तेव्हापासून त्या घरात 'प्रेशर' हा शब्द उच्चारला, की यजमानांचा चेहरा पडत असे. सुनेला सातवा महिना होता. शिवाय मुलाचे बंगळूरच्या एका कंपनीशी बोलणे चालले होते. आईला असे काही आहे म्हटल्यावर त्याने ते बोलणे तिथल्या तिथे थांबवले असते, हे त्यांना आरशाइतके स्वच्छ दिसत होते. गोळ्यांची पट्टी बाईंच्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली राहत असे. शिक्षिकेची कंपासपेटी घरात कोण उघडतो?

डॉक्टरांसमोर खोटे बोलण्याचे मात्र काही कारण नव्हते. पण वर्षभर जे घरात लपवले, ते तोंडातून बाहेर येईना. आणि खरे सांगायचे तर रक्तदाबाच्या गोळीचा आणि हातावरच्या पुरळाचा काही संबंध असू शकतो, हे बाईंच्या स्वप्नातही नव्हते. वर्षभर व्यवस्थित पचलेली गोळी! बाधायची असती तर पहिल्याच आठवड्यात बाधली असती, असे कुणालाही वाटेल.

डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली. पायाच्या नडगीवरचा जाड चट्टा निवडला. भुलीच्या इंजेक्शनची चुणचुण, मग पेन्सिलीच्या टोकासारखे एक गोल पाते, चार मिलिमीटर व्यासाचा तुकडा, एक टाका. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडला. आणि आठवड्याने तो चार ओळींचा रिपोर्ट आला.

खाली सही कुणाची आहे ते बाईंनी वाचले आणि त्यांना बरे वाटले. आडनाव लग्नानंतरचे, पण सहीचे वळण ओळखीचे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी भूमितीच्या वहीत हेच अक्षर असे. पॅथॉलॉजिस्ट झालेली ही मुलगी बाईंची विद्यार्थिनी होती. सिद्धता लिहिताना पायऱ्या गाळायची तिला खोड होती आणि बाईंनी तिला त्यासाठी वर्गाबाहेर उभे केले होते.

त्या थेट प्रयोगशाळेत गेल्या. विद्यार्थिनी उठून उभी राहिली, पाया पडली. बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "हे काय लिहिलंस? आजार आहे की नाही? एक काहीतरी लिही."

ती हसली. "बाई, बसा. तुम्हाला दाखवते."

सूक्ष्मदर्शकात डोकावणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी स्वतःच्या पापण्या दिसतात. बाईंनाही त्याच दिसल्या. मग नजर बसली आणि समोर गुलाबी-जांभळा प्रदेश उघडला. तो चार मिलिमीटरचा तुकडा मेणात बसवून त्याचे काप काढलेले असतात. एकेक काप इतका पातळ, की एका मिलिमीटरमध्ये असे दोनशे काप बसावेत. नुसता पाहिला तर तो पारदर्शक. काहीच दिसत नाही. म्हणून दोन रंग देतात. एक निळा-जांभळा, हिमॅटॉक्सिलिन. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि पेशींची केंद्रके रंगवतो. दुसरा गुलाबी, इओसिन. ग्रीकांच्या उषादेवीवरून त्याचे नाव पडले. तो बाकी सारे रंगवतो.

"वरून खाली या," विद्यार्थिनी म्हणाली. आता शिकवणारी ती होती. "सगळ्यात वर गुलाबी पापुद्रे दिसतात? ती मेलेली कातडी. रोज झडते ती. त्याच्या खाली निळ्या दाण्यांच्या पेशी. त्याच्या खाली जिवंत कातडी आणि तिची खालची कड."

कड सरळ नव्हती. करवतीच्या दातांसारखी टोकेरी होती. लायकेन प्लॅनसची हीच खूण. पुस्तकांतही तिला करवतीचीच उपमा आहे. त्या कडेखाली जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती, साडीला काठ असावा तशी सलग. हे ठिपके म्हणजे चाल करून आलेल्या लिम्फोसाइट पेशी. कडेवर मधूनच गुलाबी गोळे दिसत होते. त्या मेलेल्या पेशी. सिव्हात नावाच्या फ्रेंच डॉक्टरांवरून त्यांना ओळखतात. निळ्या दाण्यांचा थर ठिकठिकाणी जाड झालेला होता. विकहॅमच्या रेषा याच जाडीमुळे दिसतात असे मानले जाते.

"म्हणजे उत्तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मग अडलं कुठे?"

"काठ विरळ आहे. तुम्ही काही मलम चोळत होता?"

बाईंनी ट्यूबचे नाव सांगितले. विद्यार्थिनीने कपाळाला हात लावला. स्टेरॉइडमुळे त्या पेशी पांगतात, चित्र पुसट होते. फळा अर्धा पुसून झाल्यावर त्यावरचे गणित वाचायला सांगावे, तसे ते होते.

"आणि हे पाहा." तिने स्लाइड किंचित सरकवली, भिंग बदलले. जांभळ्या ठिपक्यांच्या गर्दीत दोन-तीन पेशी वेगळ्या होत्या. पोटात झगझगीत लाल-केशरी दाणे भरलेल्या, जणू डाळिंबाचे दाणे. या पेशी इओसिन रंग हावरटासारखा शोषतात, म्हणून १८७९ मध्ये जर्मनीच्या पाउल एर्लिख यांनी त्यांना 'इओसिनोफिल' म्हटले. जंत, ॲलर्जी, एखादे न मानवलेले औषध, अशा प्रसंगी त्या धावून येतात. साध्या लायकेन प्लॅनसच्या काठात त्या सहसा नसतात.

"सहसा?" बाईंनी शब्द पकडला.

"हो. कारण हा तुकडा नडगीचा आहे. नडगीवर हा आजार जाड होतो, माणूस तिथे खाजवत राहतो आणि त्या जाड प्रकारात या लाल पेशी कुठल्याही औषधाशिवाय दिसू शकतात. एखाद्या वेगळ्या जागेवर सापडल्या असत्या तर मी दचकले असते. इथे सापडल्या, म्हणून नुसती नोंद केली. मी पायरी गाळली नाही, बाई. गाळायची नाही म्हणूनच 'सुसंगत' लिहिलं."

बाई काही बोलल्या नाहीत. शाळेत असे उत्तर आले असते तर त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

असे ठरले, की तीन आठवडे मलम पूर्ण बंद ठेवायचे आणि हातावर नवा उंचवटा आला, की तिथला तुकडा घ्यायचा. ते तीन आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नवरात्र गेले, दसरा गेला. सोने वाटायला आलेल्या माणसांसमोर त्या पूर्ण बाह्यांचे पोलके घालून बसल्या. घरात त्यांनी एवढेच सांगितले होते, की हे संसर्गाचे नाही. सुनेने "हो का, बरं झालं" म्हटले. टॉवेल त्याच खुंटीवर राहिला. माणसाच्या मनातली धास्ती डॉक्टरांच्या एका वाक्याने उतरत नाही आणि त्याबद्दल फार चिडण्यातही अर्थ नसतो.

एका गोष्टीचा मात्र बाईंना मनस्वी राग येई. चट्टे जिथे बसत, तिथे काळे-करडे डाग मागे ठेवून जात. गोऱ्या कातडीवर हा आजार जाता जाता फिकट खूण सोडतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर शाई सांडल्यासारखा डाग पडतो. याचे कारणही त्या स्लाइडवर दिसले होते. कातडीचा तळचा थर फुटला, की त्यातले रंगाचे कण खाली निसटतात आणि खालच्या पेशी ते गिळून तिथेच मुक्काम ठोकतात. वरून कितीही क्रीम चोळा, ते वर येत नाहीत. नुसत्या डागांच्या रूपाने येणारा या आजाराचा एक प्रकारच आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. एल. के. भूतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले आणि जगाच्या पुस्तकांत ते दाखल झाले. गोऱ्या कातडीवर बेतलेल्या पुस्तकांत आपल्या देशातल्या कातडीसाठी अशी जागा करून घ्यावी लागते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा तुकडा निघाला, या वेळी हाताचा. चार दिवसांनी रिपोर्टऐवजी फोन आला. बाई शाळेतून परस्पर प्रयोगशाळेत गेल्या.

या वेळी काठ दाट होता. करवतीचे दातही होते. पण सगळ्यात वरच्या गुलाबी पापुद्र्यांत जागोजागी निळे ठिपके दिसत होते. कातडीची पेशी मरून वर जाताना आपले केंद्रक टाकून जाते. वरचा थर म्हणून नुसता गुलाबी दिसायला हवा. लायकेन प्लॅनसमध्ये तो तसाच दिसतो. इथे पेशी केंद्रकांसह वर आलेल्या होत्या, आणि त्या ठिपक्यांखालचा निळ्या दाण्यांचा थर जाड होण्याऐवजी पातळ पडला होता. जांभळे ठिपके काठापुरते न थांबता खोलवरच्या रक्तवाहिन्यांभोवतीही जमले होते. आणि लाल दाण्यांच्या पेशी दोन-तीन नव्हत्या. बाईंनी सवयीने मोजायला सुरुवात केली आणि एका नजरेच्या टापूत अकरापर्यंत येऊन थांबल्या.

"ही नडगी नाही," विद्यार्थिनी म्हणाली. "खाजवून जाड झालेली जागा नाही, मलम नाही. बाई, तुम्ही कुठलं औषध घेता?"

"अगं, नाही म्हटलं ना."

"ही पेशी कधीच फसवत नाही असं मी म्हणणार नाही. औषध न घेणाऱ्यांतही असं चित्र क्वचित दिसतं. पण वरचे ठिपके, खोलवरची गर्दी, ही लाल पेशी, उन्हाच्या जागा, स्वच्छ तोंड, एवढं सगळं एकाच बाजूला बोट दाखवतंय. मलेरियाच्या गोळ्या, संधिवातावरची सुवर्णाची इंजेक्शनं, रक्तदाबाची काही औषधं, यांनी हुबेहूब लायकेन प्लॅनससारखं पुरळ उठतं. गोळी सुरू केल्यावर महिन्यांनी उठतं, कधी वर्षानंतरही. म्हणून लोकांच्या ध्यानातच येत नाही."

महिन्यांनी. बाईंनी मनात हिशेब केला. सप्टेंबर ते जून, नऊ महिने.

खोलीत फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाईंनी पर्स उघडली, कंपासपेटी काढली, कर्कटक बाजूला केले आणि गोळ्यांची पट्टी सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली. कॉपी करताना पकडलेल्या मुलीने चिठ्ठी टेबलावर ठेवावी, तशी. मग त्या रडल्या. विद्यार्थिनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, चट्टे होते तिथेच, आणि बराच वेळ तो काढला नाही.

पट्टीवरचे नाव जोडगोळीचे होते. त्यातला एक घटक हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध. लाखो लोक ते वर्षानुवर्षे घेतात आणि त्यांना काही होत नाही. फारच थोड्यांना ते असे बाधते, आणि बाधले तर पुष्कळदा उन्हाच्या संगतीने बाधते. बाई शाळेत रोज वीस मिनिटे चालत जात, छत्री फक्त पावसात उघडत.

त्या संध्याकाळी गोळी नाल्यात फेकून द्यावी असे बाईंना वाटले होते. विद्यार्थिनीने त्यांना बजावून सांगितले होते, की असे काही करायचे नाही. पुरळाने कुणी मरत नाही, बेलगाम रक्तदाबाने मात्र बाईंचे भाऊ गेले. त्वचारोगतज्ज्ञ फिजिशियनशी फोनवर बोलले आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या जातीची गोळी सुरू झाली. खाज थांबवण्यासाठी काही आठवड्यांचे योग्य मलम, मोजून, लिहून.

हातातल्या रिपोर्टवर या वेळी लिहिले होते: 'लायकेनसदृश प्रतिक्रिया. औषधजन्य असण्याची शक्यता विचारात घ्यावी.' अजूनही शक्यताच. पण आता बाईंची तक्रार नव्हती. गोळी बदलून वाट पाहणे, हाच या उदाहरणाचा ताळा होता, आणि तो स्लाइडवर करता येण्याजोगा नव्हता.

घरी सांगणे जास्त अवघड गेले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, चकलीची भाजणी चाळता चाळता, बाईंनी ते सांगून टाकले. यजमान उठून ओट्यावर जाऊन बसले. मुलगा चिडला, "आम्ही कोण आहोत मग?" एवढेच म्हणाला आणि दोन दिवस आईशी नीट बोलला नाही. बंगळूरचे नेमणूकपत्र त्याच्या खिशात तीन आठवडे पडून होते, हे त्या भांडणातच बाहेर आले. त्यानेही घरात सांगितले नव्हते. लपवाछपवीचा गुण कुणाकडून आला, यावर त्या घरात कुणी चर्चा केली नाही.

सून सगळे ऐकून घेत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे हे गोळीमुळे?" बाई हो म्हणाल्या. खरे म्हणजे 'बहुधा' म्हणायला हवे होते. पण स्वयंपाकघरात 'बहुधा'ने काम भागत नाही.

संक्रांतीपर्यंत नवे उंचवटे येणे बंद झाले. खाज गेली. बाई पहाटेपर्यंत सलग झोपू लागल्या. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी हातांकडे पाहत विचारले, "कुणाचं औषध?" बाई म्हणाल्या, "औषध सोडलं, त्यानं गेलं." काकूंना ते विनोदाने घ्यावे की कसे, ते कळले नाही. मुलगा जानेवारीतच बंगळूरला रुजू झाला होता. सून आणि नात परीक्षेचा हंगाम संपल्यावर जायच्या होत्या. बाईंनी रक्तदाबाचे आकडे रोज सकाळी फोनवर कळवायचे, अशी अट घालून तो गेला. त्या ते कळवत, दशांशासकट कळवायची सोय नाही याची खंत करीत.

डाग राहिले. ते वर्षभर होते, काही दीड वर्ष. रांगती झालेली नात मांडीवर चढली, की एकेका डागावर बोट ठेवी आणि बाई तिला एक, दोन, तीन म्हणायला लावत. सून ओट्यावर शेंगा निवडत बसलेली असे. ती आता उठून येत नसे. टॉवेलबद्दल तिने कधी काही म्हटले नाही, बाईंनीही विचारले नाही. फेब्रुवारीत एका रविवारी बाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या, तेव्हा दोरीवर चिमटे कमी पडल्यामुळे त्यांचा टॉवेल आणि नातीचे झबले एकाच चिमट्यात लटकत होते. चिमटे खरोखरच कमी होते का, ते पाहायला बाई खाली वाकल्या. टोपलीत सहा होते.